करू

टार्टूत, कार्लोवा भागातल्या एका लाकडी घरात,
वरच्या मजल्यावर, उर्वे गेम कंपाइल करत बसलेली असते.
गेम छोटा. एक अस्वल आहे,
बर्फ पडायच्या आत त्यानं रानातली अळंबी गोळा करायची
आणि झोपायला जायचं.
एकोणीस जाती खायच्या, सहा विषारी.
दुसरा शत्रू नाही.

एस्टोनियन भाषेत अस्वलाला करू म्हणतात.
हे कळलं तेव्हा मी उगाच हसलो.
आपल्याकडे करू म्हणजे
अजून न केलेलं काम.

घरोघरी मातीच्या चुली, असं आपण म्हणून टाकतो.
उर्वेला ते परवडत नाही.
विंडोजच्या दारात रखवालदार उभा:
हा प्रकाशक अनोळखी आहे, तरी आत घ्यायचा?
मॅकला वर्षाची फी भरून सही हवी,
सहीवर शिक्का, शिक्क्याला पुन्हा मुदत.
लिनक्स काही मागत नाही,
नुसतं म्हणतं, लायब्ररी सापडली नाही.
(उर्वेची आई पस्तीस वर्षं लायब्ररीत होती.
तिच्याकडे लोक येऊन सांगायचे,
निळं पुस्तक, साधारण एवढं.)

एकदा अस्वलच नाहीसं झालं.
विंडोजवर होतं, मॅकवर होतं,
लिनक्सवर रान रिकामं,
अळंबी आपली उगवतेय, खुडायला कोणी नाही.
दोन रात्री गेल्या.
मग सापडलं, फाइलच्या नावातलं पहिलं अक्षर:
एका जागी मोठं, दुसऱ्या जागी लहान.
आमच्या लिपीत हा भेदच नसतो, मी म्हणालो.
मग तुमची अस्वलं सुखी असतील, ती म्हणाली.

तीन गाठोडी झाली की चौथं.
बत्तीस बिटांच्या जुन्या यंत्रांसाठी,
जी आता कोणी विकत नाही, दुरुस्तही करत नाही.
दर आवृत्तीला ते उतरवून घेणारा
एक.
कधी दोन नाही, कधी शून्य नाही.

काढून टाक, टाउनो म्हणायचा, गेमचं संगीत त्याचं.
एका माणसासाठी अख्खा शनिवार?
उर्वे म्हणायची, असेल कोणी सारेमा बेटावर,
मुलगी शहरात गेली, लॅपटॉप मागे राहिला.
त्या कोणासाठी तिनं पाचव्या आवृत्तीत
अक्षरं मोठी केली.
आठवीत बर्फ सावकाश पाडला,
त्याच्या यंत्राला दम लागू नये म्हणून.

अकराव्या वेळी कशासाठी तरी नोंदी उघडल्या
आणि तो एक सापडला.
तिचाच सर्व्हर.
गाठोडं चढवलं की दहा मिनिटांनी
ते उतरवून बघायचं, नीट पोचलं का,
हे तिनंच त्याला शिकवलं होतं, चार वर्षांपूर्वी,
आणि विसरून गेली होती.

टाउनो हसला नाही.
त्याचं हे मला आवडलं.
त्यानं उठून किटली ठेवली.

बाराव्या आवृत्तीत चौथं गाठोडं नव्हतं.
कोणी विचारलं नाही.
सारेमाहून काही आलं नाही.
एमायोगी नदीवर बर्फ धरला, सुटला.

परवा गेलो तर शेगडीशेजारच्या फळीवर
तो चाचणीचा जुना लॅपटॉप चालू,
पंख्याची घरघर,
मोठी अक्षरं, सावकाश बर्फ, तेरावी आवृत्ती.
सर्व्हरची ती सवय तिनं मोडली आहे.
गाठोडं मात्र चढवलंय, चौथ्या जागी.
आकडा किती? मी विचारलं.
बघितला नाही.
बघणार कधी?

अस्वल लाल टोपीच्या अळंबीकडे चाललं होतं, विषारी.
तिनं बोटानं त्याला वळवलं.
करू, ती त्याला दटावत म्हणाली, करू,
आणि मला वाटलं
उत्तर मिळालं.